कलम ३००-अ मधले सात धागे

राज्यघटनेचे कलम ३००-अ एका वाक्यात संपते. कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला आणि हे वाक्य उरले. ‘कायदा आहे ना, मग घ्या जमीन’ असा त्याचा अर्थ लावणे फार सोपे होते. १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महानगरपालिकेच्या अपिलावर दिलेल्या निकालाने ही सोय काढून घेतली. निकाल न्या. पी. एस. नरसिंह यांनी लिहिला. खंडपीठावर त्यांच्याबरोबर न्या. अरविंद कुमार होते. तो मी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि दरवेळी त्याच्या मांडणीपाशी थांबतो.

प्रकरण आपल्याकडच्या कुठल्याही तलाठी कार्यालयात शोभेल असेच आहे. महापालिकेच्या नोंदीतून मालकाचे नाव गेले आणि तिथे महापालिकेचे नाव लागले. विचारल्यावर उत्तर आले की १९८० च्या कोलकाता महापालिका कायद्याच्या कलम ३५२ नुसार जागा संपादित केली आहे. उद्यान, रस्ते अशा कामांसाठी आयुक्त जागा घेऊ शकतात, असे ते कलम म्हणते. मात्र त्यात नोटीस नाही, सुनावणी नाही, हरकतीला जागा नाही. उच्च न्यायालयात हरल्यावर महापालिका दिल्लीला गेली. तिचा भर एका मुद्द्यावर होता: याच कायद्याच्या कलम ३६३ मध्ये भरपाईची तरतूद आहे, मग अन्याय कुठे झाला?

या प्रश्नाच्या उत्तरात निकालाचा सगळा रस आहे. सक्तीच्या संपादनाची चर्चा आपल्याकडे बहुतेक दोनच खांबांवर उभी राहिली: हेतू सार्वजनिक आहे का, आणि मोबदला मिळाला का. नरसिंह हे दोन्ही खांब पाडत नाहीत. पण जमीन ‘कशासाठी’ आणि ‘कितीला’ घेतली, याच्या मध्ये ती ‘कशी’ घेतली हा प्रश्न ते रोवतात. कार्यपद्धती म्हणजे हक्काभोवतीचे कागदी वेष्टन नाही, ती हक्काचाच भाग आहे, हे त्यांचे सूत्र. म्हणून पैसे दिल्याने पद्धत टाळल्याचा दोष धुतला जात नाही.

मग एकामागून एक सात उपहक्क येतात. जमीन घ्यायची आहे हे आधी कळवले पाहिजे. हरकत ऐकली पाहिजे, आणि ते ऐकणे देखाव्याचे नको. निर्णय कारणांसह कळवला पाहिजे. हेतू सार्वजनिक हवा, मोबदला रास्त हवा. काम वेळेत उरकले पाहिजे. आणि शेवटी ताबा घेऊन प्रक्रिया पुरी झाली पाहिजे. यांतला एकही उपहक्क न्यायमूर्तींनी पदरचा आणलेला नाही, हे मला सर्वांत देखणे वाटते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यापासून २०१३ च्या कायद्यापर्यंत आणि महामार्गांच्या कायद्यातही या पायऱ्या होत्याच. कलम चारची नोटीस, हरकती, निवाडा, ताबा ही भाषा धरणग्रस्त गावांना तोंडपाठ आहे. नरसिंह यांनी त्या वेगवेगळ्या कायद्यांतून उचलून घटनेच्या पायरीवर नेऊन ठेवल्या. त्यामुळे एखाद्या कायद्याने त्यांच्याबद्दल मौन पाळले, तरी तो कायदा त्यांच्याच कसोटीवर तपासला जातो. कलम ३५२ नेमके तिथे अडले. ते आयुक्तांना जागा हवी आहे हे ठरवू देते, जागा घेण्याची ताकद देत नाही, असा निष्कर्ष निघाला.

हे सात हक्क सुटे नाहीत. निकालात त्यांना एकमेकांत विणलेले धागे म्हटले आहे, आणि सरकारी कृती एखाद्या धाग्यावर न जोखता त्यांच्या सबंध जाळ्यावर जोखावी असे सांगितले आहे. न्यायालयीन गद्यात प्रतिमा अनेकदा शोभेपुरती येते. इथे ती काम करते, कारण महापालिकेचा युक्तिवाद म्हणजे एकच धागा दाखवून जाळे आहे असे सांगणे होते.

सहाव्या आणि सातव्या हक्कांवर मी रेंगाळतो. संपादन माणसासाठी क्लेशकारक असते, असे निकाल उघडपणे लिहितो; चौकशी, हरकती, निवाडा, पैसे, ताबा या प्रत्येक टप्प्यावर आयुष्य खर्ची पडते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात संपादनाचा शेरा वर्षानुवर्षे बसलेला ज्याने पाहिला आहे, त्याला ‘प्रक्रिया पुरी होण्याचा हक्क’ ही कल्पना समजावून द्यावी लागत नाही. अशा माणसाला जमीन विकता येत नाही, कर्ज मिळत नाही, आणि ती गेली म्हणून मोकळेही होता येत नाही. ही अधांतरी अवस्थाच हक्कभंग आहे, असे म्हणायला आपल्याला इतकी वर्षे लागली.

अपील फेटाळताना न्यायालयाने महापालिकेवर पाच लाखांचा खर्च लादला, तो साठ दिवसांत मालकाला द्यायचा होता. मात्र एक उणीव मला खटकते. हे जाळे मालकाभोवती विणलेले आहे. त्या जमिनीवर राबणारे कूळ, शेतमजूर किंवा तिथला छोटा कारागीर यांचे काय? २०१३ च्या कायद्याने जमीन नसलेल्या अशा कुटुंबांनाही बाधित मानले आणि त्यांचे पुनर्वसन मोबदल्याइतकेच महत्त्वाचे ठरवले. या खटल्यात तो प्रश्न नव्हता, म्हणून निकालाला दोष देता येणार नाही. शिवाय सातची यादी पूर्ण नसल्याचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुनर्वसनाचा आठवा धागा तिथे विणता येईल, आणि तो मागायला वकिलांनी हाच निकाल हातात घेऊन उभे राहावे.