'कॉपी' या आज्ञेतील विभक्तिलोप

प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांविषयी असे म्हटले जाते की, गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतील 'पिप' ही आज्ञा दुर्बोध होती आणि १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमधील 'कॉपी' ही सुबोध. हे मत नावापुरते ग्राह्य आहे, रचनेपुरते नाही.

'ए' या तबकडीवरील 'पत्र' नामक फाइल 'बी'वर उतरवावयाची असल्यास सीपी/एममध्ये 'पिप बी:=ए:पत्र' असे लिहावे लागे. आधी गंतव्य, मग मूळ. हा क्रम नवशिक्यास उलटा वाटे, यात शंका नाही; परंतु मधले समचिन्ह दोन पदांचा संबंध उघड करून दाखवी. डॉसमधील 'कॉपी ए:पत्र बी:' या रचनेत दोन नामे नुसती शेजारी उभी आहेत. इंग्रजी वाक्यातील 'टू'देखील येथे गळाला आहे. 'गुरूने शिष्याला पाहिले' हे वाक्य कसेही फिरविले तरी पाहणारा गुरूच राहतो, कारण प्रत्यय त्याची साक्ष देतात. 'कॉपी'त साक्षीदारच नाही. क्रम हाच अर्थ.

हा दोष केवळ व्याकरणाचा नव्हे. 'बी'वर सुधारलेला मसुदा असताना क्रम चुकला, तर 'ए'वरील जुना मसुदा त्याला पुसून टाकी आणि यंत्र एक फाइल उतरल्याचे समाधानाने कळवी. फाइल स्वतःवरच उतरविण्यास हीच आज्ञा नकार देत असे, हे विशेष! अस्तित्वातील फाइल पुसण्यापूर्वी विचारण्याची रीत १९९३ च्या ६.२ आवृत्तीत आली. 'पिप'ही जुनी फाइल पुसतच असे. मात्र नवी प्रत प्रथम तात्पुरत्या नावाने लिहून, ती पूर्ण झाल्यावरच.

'कॉपी' या नावातील आश्वासनही सर्वत्र पाळले जात नाही. सीपी/एममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटांच्या पटीत मोजली जाई. म्हणून मजकुराचा खरा शेवट कंट्रोल-झेड या चिन्हाने दर्शवीत. डॉसने नेमकी लांबी नोंदविण्यास आरंभ केला, तरी अधिकचिन्हाने फाइली जोडताना 'कॉपी' त्या मजकूरच आहेत असे गृहीत धरते आणि पहिल्या कंट्रोल-झेडपाशी थांबते. '/बी' हा निर्देश दिल्यास ही छाटणी टळते; पण तो देण्याचे स्मरण वापरणाऱ्यानेच ठेवावयाचे.