प्रायश्चित्त आहे, क्षमा नाही

सिंहासनासाठी झुंजणाऱ्या सरदार घराण्यांची 'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११–२०१९) ही ७३ भागांची मालिका. तीत नग्नता व रक्तपात बराच असल्याने मुलाबाळांसह पाहावी अशी ती नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. मूळ कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन कॅथलिक कुटुंबात वाढले. त्यांच्या कल्पित धर्मपीठावर मध्ययुगीन ख्रिस्तसभेची छाया दिसते.

पाचव्या पर्वात कैदेतली राजमाता सर्सी पापनिवेदन करते, तेही अर्धेच. गोरगरिबांत अनवाणी वावरणारा धर्मप्रमुख तिचे केस कापवून तिला विवस्त्र राजरस्त्याने चालायला लावतो. मागे घंटा वाजते. लोक शिव्या देत घाण फेकतात. ही भूमिका जोनाथन प्राइस यांनी विलक्षण संयमाने केली आहे. पुढे 'द टू पोप्स' (२०१९) या चित्रपटात पोप फ्रान्सिस साकारणारे नट ते हेच.

या प्रसंगात प्रायश्चित्ताचे सारे बाह्य सोपस्कार आहेत. क्षमा तेवढी नाही. म्हणूनच त्यातून पश्चात्ताप नव्हे, सूड जन्मतो. सहाव्या पर्वात सर्सी ते धर्ममंदिर माणसांसकट उडवून देते, आणि तिचा राजा झालेला मुलगा खिडकीतून स्वतःला झोकून देतो.

याउलट थिऑन. ज्या ब्रॅनचे घर त्याने बळकावले, तोच ब्रॅन मरणापूर्वी त्याला 'तू चांगला माणूस आहेस' असे सांगतो. येथे मालिका क्षणभर उधळ्या पुत्राच्या दाखल्याजवळ येते.

आपल्या धर्मग्रामात कुणाचे पाऊल घसरले, तर आपण घंटा वाजवतो की दार उघडतो?