पाणी न गाळलेला पास्ता

पास्ता वेगळा उकळायचा, पाणी मोरीत ओतायचं, सॉस दुसऱ्या भांड्यात करायचा, ही नेहमीची रीत. एकाच कढईतला भाज्यांचा चीज पास्ता ती धाब्यावर बसवतो आणि त्याची सगळी गोडी तिथेच आहे. धाराशिवकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चकोल्या खाऊन वाढलेल्याला कणकेचं पाणी फेकायचं सुचेल कसं?

चकोल्यांत पातळ वरणाला लसणाची फोडणी आणि काळा मसाला. वरण खदखदलं की लाटलेल्या पोळीचे चौकोनी काप एकेक करून सोडायचे. एकदम लोटले तर गोळा. कापलेल्या कडांवरचं पीठ सुटतं आणि मघाचं पाणीदार वरण बघता बघता अंगाबरोबर होतं. वाढताना वर तूप.

पास्त्यातही हेच घडतं, फक्त जरा सावकाश. कांदा-लसूण परतून गाजर, मटार, मग कोरडा पास्ता. २०० ग्रॅमला साधारण अर्धा लिटर पाणी, लागलं तर वरून थोडं. ढोबळी मिरची शेवटी, नाहीतर तिचा लगदा होतो. पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा, आपल्या बन्सीच्या जातकुळीतला. म्हणून शिजूनही दाताला लागतो. चकोली मात्र मऊ पडते, आणि तिनं तसंच पडावं. डाव फिरवल्यावर कढईच्या तळाशी वाट उमटून क्षणभर तशीच राहिली, की गॅस बंद.

चीज त्यानंतर. खरी परीक्षा इथे. कडक आचेवर चीजमधली प्रथिनं आखडतात, स्निग्धांश सुटतो आणि हाती येतात तेलकट गुठळ्या. किसलेलं चीज मूठमूठ घालून हलवलं, तर पास्त्यातून सुटलेलं पिष्ट त्याला सांभाळून घेतं. गाळून फेकलेल्या पाण्यात गेलं असतं ते हेच. श्रेय सगळं चीजला मिळतं, ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे धाराशिव जिल्हा दुधाचा; भूमचा खवा, कुंथलगिरीचे पेढे. पण दूध इथे कढईत आटवलं जातं, विरजण-रेनेटनं साकळवलं जात नाही, त्यामुळे चीज येतं ते दुकानातल्या पाकिटातून. आणि सोबत ओरेगॅनोच्या पुड्या! त्या पुड्यांनी लसूण मरतो. त्यापेक्षा फोडणीत दोन पाकळ्या जास्त ठेचून घालाव्यात आणि हिरवी मिरची चिरून. चीजच्या जडपणाला ती बरोबर कापते.