कोशातील स्थान आणि मान

कोशाचे परीक्षण करताना आपण बहुधा नोंदींतील माहिती तपासतो. नोंद कोठे बसवली आहे, याचा विचार क्वचितच करतो. वस्तुतः कोणता विषय मुख्य मानावा आणि कोणता त्याच्या पोटात घालावा, या निर्णयातच कोशकाराची जीवनदृष्टी प्रकट होत असते.

अमरकोशाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीन कांडे, कांडांत वर्ग आणि वर्गांत पर्यायशब्द, अशी ही उतरंड पाठांतरावर विद्या टिकवणाऱ्या समाजाला सोयीची होती. एका शब्दामागून त्याचे सगेसोयरे आपोआप आठवत. परंतु या व्यवस्थेत वीणा आणि मृदंग पहिल्या कांडातील नाट्यवर्गात येतात, आणि ती वाद्ये वाजवणारे वैणिक व मार्दंगिक दुसऱ्या कांडाच्या अखेरीस, शूद्रवर्गात, कुंभार-विणकरांच्या पंक्तीत बसतात. कला वर, कलावंत खाली. एकही पर्याय न चुकता हा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्‌गत होत राहिला.

उतरंड बदलता येते, हे शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रचलेल्या राजव्यवहारकोशाने दाखवले. साचा अमरकोशाचाच, पण त्याच्या दहा वर्गांत दुर्ग आणि लेखन यांना स्वतंत्र वर्ग मिळाले. नव्या राज्याच्या गरजा वर्गांच्या नावांतूनच कळतात.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 23 खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशात दोन्ही पद्धतींची सांगड घातली. पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयवार, 6 ते 21 हे खंड अकारविल्हे, आणि 22वा खंड सूचीचा. अकारविल्हे मांडणी कोणालाच उच्चासन देत नाही. मात्र ती विषयांचे परस्परसंबंध तोडते. ते जोडण्याचे काम प्रस्तावनाखंडांनी करावे आणि दीर्घ लेखांत दडलेल्या पोटविषयाकडे सूचीने न्यावे, अशी ही योजना होय. प्रस्तावनाखंडांतही निवाडा आहेच: ‘बुद्धपूर्व जग’ आणि ‘बुद्धोत्तर जग’ अशी इतिहासाची विभागणी हे एक मतच आहे. पण ते उघडपणे मांडलेले आहे, आणि ते न मानणाऱ्या वाचकासाठी दुसरी वाट मोकळी आहे.

आज संगणकावर शब्द टंकताच नोंद समोर येते. त्यामुळे उतरंड नाहीशी झालेली नाही; ती केवळ दृष्टीआड झाली आहे. म्हणून कोणताही कोश हाती घेताना विद्यार्थ्याने आधी त्याची अनुक्रमणिका वाचावी, आणि कोणाला स्वतंत्र नोंद मिळाली नाही, हेही विचारावे.