सोफ्यावरून वाचायची यादी

माझ्या भाच्याने घरच्या हॉलसाठी संगणक जुळवला. टीव्हीखालच्या युनिटमध्ये मावेल, संध्याकाळी सगळ्यांना सिनेमा दाखवेल आणि रात्री त्याला मोठे गेम खेळू देईल, असा. लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाण्याआधी त्याने वहीच्या पानावर सुट्या भागांची यादी केली होती. काम झाल्यावर ते पान मी मागून घेतलं. अजून अधूनमधून काढून वाचतो, आणि एखादी ओळ नव्याने उलगडते.

अशा याद्या बहुधा प्रोसेसरने किंवा ग्राफिक्स कार्डाने सुरू होतात. ही सुरू होते अशी: ‘टीव्ही 55 इंच, 4के, 120 हर्ट्झ. सोफा 9 फूट.’ टीव्ही घरात होताच, सोफाही. विकत काहीच घ्यायचं नव्हतं. तरी ती ओळ सगळ्यांत वर आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून ठरणार होतं.

त्यातला 120 हा आकडा जरा जवळून बघा. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. 60 हर्ट्झच्या पडद्यावर त्यांची समान वाटणी होत नाही. एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दाखवावं लागतं. कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरत असला की ही विषम वाटणी बारीक हिसक्यांसारखी डोळ्यांना जाणवते. 120 मध्ये मात्र 24 बरोबर पाच वेळा बसतात. प्रत्येक चित्र पाचदा, ना कमी ना जास्त. गेम सेकंदाला 30, 40 किंवा 60 चित्रांनी चालला तरी हिशेब पुरा होतो: चार, तीन, दोन. दूरदर्शनच्या जमान्यातली 25 चित्रांची रेकॉर्डिंग तेवढी यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी समासात बारीक अक्षरात लिहिलंय: ‘कोडी, रिफ्रेश रेट आपोआप.’ म्हणजे तसली जुनी मालिका लावली की कोडी हा प्लेअर पडदा आपणहून 50 वर आणणार. 4के 120 वाहून न्यायला एचडीएमआय 2.0 ची 18 गिगाबिटची वाट अपुरी पडते, 2.1 ची 48 गिगाबिटची लागते. एका आकड्याने केबल ठरली आणि ग्राफिक्स कार्डाची किमान पायरीही.

ते कार्ड आहे आरटीएक्स 4070, आणि नावापुढे लगेच ‘200 वॅट’. दुकानदाराने आग्रह केला होता, ‘भाऊ, थोडे पैसे अजून टाक, 4070 टीआय घेऊन जा.’ टीआय 285 वॅट खातं. भाचा बधला नाही. डीएलएसएसच्या क्वालिटी मोडमध्ये कार्ड 2560 बाय 1440 चं चित्र काढून ते 3840 बाय 2160 पर्यंत वाढवतं, आणि 9 फुटांवरून ते बघताना आमच्यापैकी कुणाला काही उणं वाटलेलं नाही. त्या वरच्या 85 वॅटची उष्णता मात्र पेटीतून रोज बाहेर काढावी लागली असती, आणि ती काढायची तर पंखे जोराने फिरवावे लागले असते.

प्रोसेसरच्या ओळीतही हाच विचार दिसतो. रायझन 5 7600 आणि 7600 एक्स, दोघांना सहा-सहा कोअर. एक 65 वॅटचा, दुसरा 105 चा. वेगात फरक थोडासाच. त्याने 65 वाला घेतला.

हे सगळं जिथे राहायचं ते कॅबिनेट म्हणजे फ्रॅक्टल डिझाइनचं रिज, 12.6 लिटरचं. ते आडवं ठेवता येतं नि उभंही. आत 170 बाय 170 मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड. इथे मला सर्वांत आवडणारी जागा येते. या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरवरच्या कूलरला उंची मिळते 70 मिलिमीटर. त्याने निवडलेल्या नॉक्टुआच्या एनएच-एल12एस ची उंचीही 70 च. एरवी पंखा कूलरच्या पात्यांच्या डोक्यावर बसतो. इथे तो पात्यांच्या पोटाखाली सरकवलाय, तोही 15 मिलिमीटर जाडीचा, म्हणून पूर्ण 120 मिलिमीटर व्यासाचा पंखा त्या उंचीत मावतो. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा ढकलतो, आणि सावकाश फिरणाऱ्या पंख्याचा आवाज सोफ्यापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे ही काळजी अधिकच घ्यावी लागते. हवेवर थंड होणारी वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. मे महिन्यात हॉल 35 अंशांवर असला की तापमानाची मोजणी तिथूनच सुरू होते. वर वाचवलेले 85 आणि 40 वॅट इथे उपयोगी पडतात.

पुढच्या दोन ओळी भराभर वाचता येतात, पण त्यांचाही रोख शांततेकडेच आहे. एसएमपीएस 650 वॅटचा, छोट्या एसएफएक्स मापाचा. प्रोसेसर पूर्ण जोरात 88 वॅट, कार्ड 200, बाकीचं धरून साडेतीनशेच्या आत. म्हणजे तो निम्म्याच भारावर राहणार आणि त्याचा पंखाही फारसा बोलणार नाही. साठवणीला 2 टीबीची एनव्हीएमई. हार्ड डिस्क हॉलमध्ये नाहीच. तिची घरघर आतल्या खोलीत, सिनेमे तिथून केबलने येतात. 4के ब्लू-रेच्या प्रवाहालाही गिगाबिटची साधी लाइन पुरून उरते.

आणि शेवटची ओळ: ‘यूएसबी एक्स्टेंशन, 1 मीटर.’ यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू. कंट्रोलर आणि कीबोर्डचे डोंगल 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात. यूएसबी 3 च्या पोर्टमधून निघणारा रेडिओचा गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो, शिवाय मध्ये कॅबिनेटचा पत्रा. डोंगल मागे खुपसलं तर बटण दाबलेलं कधी पोचतं, कधी नाही. ते एक मीटर पुढे, टीव्हीच्या पायाशी आणून ठेवलं की हातातला कंट्रोलर आणि डोंगल समोरासमोर येतात.

ही ओळ लिहिताना भाचा मनाने दुकानात नव्हता. तो सोफ्यावर बसला होता, कंट्रोलर हातात घेऊन, आणि पहिल्या ओळीतले 9 फूट दुसऱ्या टोकाकडून मोजत होता.