'सफर्' : सोसणे आणि होऊ देणे

इंग्रजीतील 'सफर्' या क्रियापदाचे दोन अर्थ कोशांत आढळतात. दुःख सोसणे हा एक. एखादी गोष्ट होऊ देणे, तिला आडवे न येणे हा दुसरा. बोलण्यात आज बहुधा पहिलाच उरला आहे, आणि दुसऱ्यापुढे 'जुना' अशी खूण करून कोशकार मोकळे होतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र असे मोकळे होता येत नाही.

या क्रियापदाच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'खालून उचलून धरणे' असा आहे. त्यातील धातू संस्कृत 'भृ'चा सगोत्र, आणि उपसर्ग 'उप'चा. भार घेऊन उभा असलेला माणूस हे या शब्दाचे मूळ चित्र होय. भार वरून येतो हे खरे. पण तो खाली न टाकणे हे त्या माणसाच्याच हातचे असते. दोन्ही अर्थांचे बीज या एका चित्रात आहे.

१६११ च्या इंग्रजी बायबलने हे दोन्ही अर्थ लोकांच्या कानी एकत्र घातले. मुलांना आपल्याजवळ येऊ द्या, असे येशू शिष्यांना सांगतो तेथे हेच क्रियापद. ख्रिस्ताच्या यातनांविषयी बोलतानाही हेच. चेटकिणीला जिवंत राहू न देण्याची 'निर्गमा'तील कठोर आज्ञा, तीही याच शब्दात. मूळ ग्रीकमध्ये मुलांना येऊ देण्याचे आणि यातना भोगण्याचे क्रियापद निराळे आहे. म्हणजे हा संयोग मुळातला नव्हे, भाषांतरकारांच्या इंग्रजीचा आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून मराठी बायबल केले (ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले), तेव्हा ही अडचण त्यांच्या वाटेत येण्याचे कारण नव्हते. तिच्याशी गाठ पडते ती इंग्रजी कवींना मराठीत आणू पाहणाऱ्याची.

शेक्सपिअरला हा संयोग आयताच उपयोगी पडला. हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतात दैवाचे आघात 'सफर्' करावेत की शस्त्र उचलावे, असा प्रश्न आहे. येथे केवळ वेदना अभिप्रेत असती तर प्रश्न लंगडा पडला असता, कारण शस्त्र उचलणाऱ्यालाही वेदना चुकत नाहीत. आघात चालू द्यावेत काय, हा त्यातील डंख आहे. शायलॉकच्या तोंडी याच क्रियापदापासून झालेले नाम दोनदा येते. पहिल्या अंकात ते त्याच्या जमातीच्या मुकाट सहनशीलतेचे नाव असते. तिसऱ्या अंकात तोच शब्द सूडाच्या युक्तिवादात उलटा फिरतो.

परंतु या क्रियापदाची खरी कसोटी एलियटच्या 'मर्डर इन द कॅथीड्रल' (१९३५) या नाटकात लागते. ११७० साली कॅन्टरबरीच्या प्रार्थनामंदिरात मारल्या गेलेल्या आर्चबिशप टॉमस बेकेटची ही कथा. रंगभूमीवर पाऊल ठेवताच टॉमस, धर्मगुरूने दटावलेल्या गरीब स्त्रियांचा कैवार घेऊन, कृती आणि 'सफर्' यांच्या अभिन्नतेविषयी बोलतो. त्या बोलण्यात सहानुभूती आहे तशीच किंचित वडिलकीही आहे. पुढे चौथा प्रलोभक हेच शब्द त्याच्यावर फेकतो. शब्द जवळजवळ तेच राहतात. बदलते ती दिशा. हौतात्म्याची हाव धरून सोसणारा वस्तुतः कृतीच करीत असतो, आणि तीही अहंकाराची, असा तो आरोप ठरतो. पहिल्या भागाच्या अखेरीस टॉमस कृती आणि 'सफर्' या दोहोंचाही त्याग जाहीर करतो. आता, थोड्याच दिवसांत तलवारी ज्याच्यावर कोसळणार आहेत त्याने वेदनेचा त्याग कसा करावा? तेव्हा या तिसऱ्या ठिकाणी क्रियापदाचा अर्थ वेदना असूच शकत नाही. सोडायचे आहे ते सोसण्यावरचे स्वामित्व.

आणि मग तो दार उघडायला लावतो. भयभीत धर्मगुरूंनी अडसर घातलेला असतो. टॉमस मारेकऱ्यांना आत येऊ देतो. कोशकारांनी जुना म्हणून बाजूस सारलेला अर्थ येथे घटनेच्या रूपाने उभा राहतो. वधानंतर प्रेक्षकांना उद्देशून बोलणारा चौथा सरदार याच दाराचा दाखला देऊन ही वेडाच्या भरातील आत्महत्या होती असा निर्वाळा देतो. त्याचा युक्तिवाद निर्लज्ज आहे, पण मूर्खपणाचा नाही. होऊ देणे म्हणजे करणेच, एवढेच तो धरून बसतो. आणि एलियटने त्याला उगाच बोलू दिलेले नाही.

मराठीत यासाठी कोणता शब्द योजावा? 'भोगणे' चटकन सुचते, आणि तेच सर्वांत धोक्याचे. राज्य भोगतात, शिक्षाही भोगतात. सुख आणि दुःख या दोहोंना पुरणारा हा शब्द श्रीमंत आहे खरा. पण त्याच्यामागून प्रारब्ध येते. भोग सरेपर्यंत भोगावेच लागतात; तेथे दार उघडायचे की लावायचे हा प्रश्नच उरत नाही. 'सोसणे' अधिक बरे. 'त्याला दुःख झाले' यात माणूस चतुर्थीत, दुःखाचे केवळ ठिकाण म्हणून उभा असतो. 'तिने सोसले' म्हणताच तो कर्ता होतो. कृती आणि सोसणे यांचे जे अद्वैत एलियटला इतक्या सायासाने मांडावे लागते, त्याचा अर्धा भाग मराठी व्याकरणात आधीच आहे. तरीही 'होऊ देणे' त्यात नाही.

उरते 'साहणे'. वेदकाळात 'सह्' म्हणजे जिंकणे, दडपून टाकणे. पुढे तो धातू सहनाकडे वळला. 'अन्याय साहू नये' असे म्हणताना वेदनेची मनाई नसते, अन्याय चालू देण्याची असते. टॉमसच्या, प्रलोभकाच्या आणि पुन्हा टॉमसच्या तोंडी हा एकच शब्द टिकू शकेल. आणि तो टिकलाच पाहिजे, कारण तीन ठिकाणी तीन सुंदर प्रतिशब्द घालणारा भाषांतरकार प्रलोभकाच्या हातातले शस्त्रच काढून घेईल. येशूजवळ येणाऱ्या मुलांसाठी मात्र 'साहणे' चालणार नाही. तेथे 'येऊ द्या' हेच साधे मराठी.