अरब देशांतील सार्वजनिक भ्रष्टाचाराचे आकलनाधारित मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

भ्रष्टाचार हा स्वभावतःच लपून होणारा व्यवहार असल्याने तो थेट मोजता येत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून बर्लिन येथील ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था १९९५ पासून ‘भ्रष्टाचार आकलन निर्देशांक’ प्रसिद्ध करीत आली आहे. आपल्याकडील अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व लोकप्रशासन या विषयांच्या प्रबंधांत या निर्देशांकाचा कोष्टकरूपाने सर्रास वापर होतो. प्रस्तुत लेखकानेही एम. फिल.च्या प्रबंधिकेत तो वापरला होता आणि गुणांकाच्या स्तंभाला ‘भ्रष्टाचाराची पातळी’ असे शीर्षक दिले होते. ते शीर्षक चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे अरब देशांच्या उदाहरणातून स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

निर्देशांकाची रचना :

हा निर्देशांक ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या स्वतःच्या सर्वेक्षणावर आधारलेला नाही. जागतिक बँक, बर्टेल्समन प्रतिष्ठान, जागतिक आर्थिक मंच यांसारख्या अन्य संस्थांची मूल्यमापने एकत्र करून त्यांची सरासरी काढली जाते. एखाद्या देशाचा समावेश होण्यासाठी किमान तीन स्रोत आवश्यक असतात. २०१२ पासून गुणांक शून्य ते १०० या श्रेणीत दिला जातो. तत्पूर्वी ती श्रेणी शून्य ते १० होती. त्यामुळे २०१२ च्या आधीचे व नंतरचे गुणांक एकाच आलेखावर मांडणे शास्त्रशुद्ध नाही. ही मते प्रामुख्याने तज्ज्ञांची व उद्योग-व्यवसायातील अधिकाऱ्यांची असतात. कचेरीच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या सामान्य नागरिकाला येथे कोणी विचारलेले नसते.

ट्युनिशियाचा धडा :

२०१० च्या निर्देशांकात ट्युनिशियाला १० पैकी ४.३ गुण व ५९ वा क्रमांक मिळाला. त्याच वर्षी इटलीला ३.९ गुण व ६७ वा, तर ग्रीसला ३.५ गुण व ७८ वा क्रमांक होता. डिसेंबर २०१० मध्ये सिदी बुझिद येथे महंमद बुअझीझी या फेरीवाल्याने आत्मदहन केले आणि १४ जानेवारी २०११ रोजी अध्यक्ष बेन अली देश सोडून गेले. त्यानंतर त्यांच्या कुटुंबीयांच्या मालमत्ता जप्त झाल्या व त्यांच्या कंपन्यांची माहिती अभ्यासकांना उपलब्ध झाली. या माहितीच्या आधारे जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडलेले निष्कर्ष लक्षणीय आहेत. बेन अली कुटुंबाशी संबंधित २२० कंपन्यांचा खासगी क्षेत्रातील रोजगारात सुमारे १ टक्का व उत्पादनात सुमारे ३ टक्के वाटा होता. निव्वळ नफ्यातील त्यांचा वाटा मात्र सुमारे २१ टक्के होता.

हा नफा टेबलाखालून आलेला नव्हता. दूरसंचार, हवाई वाहतूक आदी क्षेत्रांत परवान्याची अट व परकीय गुंतवणुकीवरील निर्बंध यांनी स्पर्धकांची वाट अडवली गेली आणि त्यासाठी गुंतवणूकविषयक नियमांत अध्यक्षांच्या सहीने बदल करण्यात आले. भ्रष्टाचार असा कायद्याच्या कलमातच जाऊन बसला, तर लाचेचे प्रमाण विचारणाऱ्या प्रश्नावलीत तो पुरेसा सापडणार नाही.

येथे निर्देशांकावर अन्याय होऊ नये. २००५ ते २००७ या काळात ट्युनिशियाचा क्रमांक ४३ वरून ६१ वर घसरला होता. म्हणजे काही बदल निश्चित टिपला गेला होता. परंतु २०११ मध्ये, राजवट कोसळल्यावर, गुणांक आणखी खाली, ३.८ वर आला. लूट करणारे पळून गेले, वृत्तपत्रे मोकळी झाली, झाकलेले उघडे पडले आणि देश अधिक ‘भ्रष्ट’ ठरला. एका वर्षाच्या घसरणीची कारणे अनेक असू शकतात. तथापि आकलन हे माहितीवर आणि माहिती स्वातंत्र्यावर अवलंबून असते, हे यातून ध्यानात येते. जेथे बोलण्याची चोरी आहे तेथील मौनाचे गुण देशाच्या खात्यावर जमा होऊ शकतात.

नागरिकांचा अनुभव :

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलनेच २०१९ मध्ये जॉर्डन, लेबनॉन, मोरोक्को, पॅलेस्टाईन, सुदान व ट्युनिशिया येथील नागरिकांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. मागील बारा महिन्यांत सार्वजनिक सेवा घेतलेल्यांपैकी लाच दिल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण मोरोक्कोत ३१ टक्के, तर ट्युनिशियात १८ टक्के होते. त्याच वर्षीच्या आकलन निर्देशांकात या देशांचे गुण अनुक्रमे ४१ व ४३ होते. तज्ज्ञांच्या नजरेत जवळजवळ समान असलेल्या दोन देशांत नागरिकांच्या अनुभवात एवढी तफावत आहे. शिवाय या सहा देशांत आखाती सहकार्य परिषदेचा एकही सदस्य देश नाही. म्हणजे जे अरब देश निर्देशांकात सर्वांत वर आहेत, तेथील तज्ज्ञमत नागरिकांच्या अनुभवाशी ताडून पाहण्याची सोय या सर्वेक्षणात नाही.

‘वास्ता’ या अरबी संज्ञेचाही विचार आवश्यक आहे. वास्ता म्हणजे मध्यस्थी. ओळखीच्या वा नात्याच्या बळावर काम करून घेणे. मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. आपला ‘वशिला’ हा शब्दही अरबी ‘वसीला’वरून फारसीमार्गे आला आहे, धातू निराळा असला तरी व्यवहार तोच. वास्तामध्ये पैशाची देवघेव होतेच असे नाही. अनेकदा ते आप्तांप्रती कर्तव्य मानले जाते, आणि ज्याच्यापाशी वास्ता नाही त्याची संधी मात्र जाते.

आखाती देश व व्याख्येची मर्यादा :

२०२४ च्या निर्देशांकात संयुक्त अरब अमिरातीला ६८ गुण आहेत. लेबनॉनला २२ व सीरियाला १२. हा फरक निराधार नाही. अमिरातीतील दैनंदिन प्रशासन खरोखरच कार्यक्षम आहे. परंतु हाच देश मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात वित्तीय कृती दलाच्या करड्या यादीत होता. यात तांत्रिक विसंगती नाही, कारण अवैध पैशाचे शुद्धीकरण निर्देशांकाच्या कक्षेतच येत नाही. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ‘सोपवलेल्या सत्तेचा खासगी लाभासाठी गैरवापर’ ही भ्रष्टाचाराची प्रचलित व्याख्या, सत्ता कोणीतरी सोपवली आहे आणि राजकोष व राजगृह वेगळे आहेत, हे गृहीत धरते. वंशपरंपरागत राजसत्तेत ही सीमारेषाच अंधूक असेल, तर उल्लंघन कशाचे मोजावयाचे?

निष्कर्ष :

वरील विवेचनाचा अर्थ निर्देशांक टाकून द्यावा असा नाही. भ्रष्टाचार हा सार्वजनिक चर्चेचा विषय करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मात्र संशोधकाने स्तंभाचे शीर्षक ‘भ्रष्टाचाराविषयीचे तज्ज्ञमत’ असेच लिहावे, २०१२ चा सांधा ओलांडून तुलना करू नये आणि गुणांकाशेजारी नागरिकांचा अनुभव व वृत्तपत्रस्वातंत्र्याची स्थिती मांडावी. २०१० चे कोष्टक पाहून ट्युनिशियाचे कौतुक करणाऱ्याला सिदी बुझिदच्या रस्त्यावरील संताप दिसणे शक्य नव्हते. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत तीच चूक पुन्हा होऊ न देणे ही मार्गदर्शक म्हणून आपली जबाबदारी आहे.